सीरियल पोर्टवर नुसती कचरा अक्षरं, भाजकाचं गणित मात्र बरोबर

नवी वाट | सोमवार, रात्री ९.१२

तीन संध्याकाळी एकाच ठिकाणी अडकले आहे, म्हणून धागा काढतेय.

स्वतः डिझाइन केलेला बोर्ड आहे. त्यावर एसटीएम३२एफ४०७ मायक्रोकंट्रोलर, शेजारी क्लॉकसाठी ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, आणि पीएलएलमधून (क्लॉकचा वेग वाढवणारं चिपमधलं सर्किट) प्रोसेसर १६८ मेगाहर्ट्झवर चालवलाय. यूसार्ट-२ या सीरियल पोर्टवरून सध्या फक्त डीबगच्या ओळी बाहेर काढायच्या आहेत. ११५२०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट), आठ डेटा बिट, पॅरिटी (तपासणीचा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट. पीए२ पिनवरून वायर यूएसबी-सीरियल अडॅप्टरला जाते आणि तिथून लॅपटॉपला. टर्मिनलवर मात्र चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं आणि मधूनच एखादं ओळखीचं अक्षर.

आतापर्यंत हे करून झालं: अडॅप्टर बदलला, वायर बदलल्या. टीएक्स (पाठवणारी पिन) आणि आरएक्स (घेणारी) बोर्डावरच एकमेकांना जोडून पाहिले, तर पाठवलेलं जसंच्या तसं परत येतं, म्हणजे पोर्ट ठीक आहे. वेग ९६०० वर आणला, तरी कचराच. भाजक, म्हणजे क्लॉकला ज्याने भागून बॉड मिळतो तो आकडा, तोही हाताने काढून पाहिला. यूसार्ट-२ चिपमधल्या एपीबी-१ या बसवर असतो आणि ती बस १६८ च्या चौथ्या हिश्श्याने, म्हणजे ४२ मेगाहर्ट्झने चालते. ४,२०,००,००० भागिले १,१५,२०० म्हणजे ३६४.५८. भाजक ठेवणाऱ्या बीआरआर रजिस्टरमध्ये ३६५ गेलं की झालं. गणितात चूक सापडत नाही.

आणखी एक गोष्ट. एलईडी दर सेकंदाला लुकलुकायला हवा, तो जरा संथ वाटतो. याच्याशी त्याचा संबंध नसावा, पण लिहून ठेवते.

सोल्डर | रात्री ९.३१

आधी साध्या गोष्टी. बोर्डाचा आणि अडॅप्टरचा ग्राउंड एकमेकांना जोडलाय ना? अडॅप्टर ३.३ व्होल्ट टीटीएलचाच आहे ना? जुन्या पीसी पोर्टसारखा आरएस-२३२ पातळीचा असेल तर सिग्नल उलटा असतो आणि नेमका असाच कचरा दिसतो. टर्मिनलमध्ये पॅरिटी चुकून 'इव्हन' राहिली नाही ना, तेही बघा.

नवी वाट | रात्री ९.४४

ग्राउंड जोडलेला आहे, मल्टिमीटरने तपासला. दोन्ही अडॅप्टर ३.३ व्होल्टचे. रिकाम्या वेळी टीएक्स वरच्या पातळीवर असते, म्हणजे उलटा सिग्नल नाही. पॅरिटी बंदच आहे.

तारवाला | रात्री १०.२०

तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या दोन गोष्टींवरून तुम्ही काढलेला निष्कर्ष बरोबर नाही, तिथून सुरुवात करतो.

पहिली, टीएक्स-आरएक्स जोडून घेतलेली चाचणी. त्यात पाठवणारा आणि घेणारा एकाच चिपमधला, एकाच भाजकावर चालणारा. क्लॉक दुप्पट असो वा निम्मा, दोघांचा ताल एकच राहणार आणि अक्षर बरोबरच येणार. त्या चाचणीतून पिन आणि पोर्ट जिवंत आहेत एवढं कळतं, वेगाबद्दल काहीच कळत नाही.

दुसरी, ९६०० वर आणून पाहणं. खाली गेल्यावर सुधारतं ते लांब वायर, ढिसाळ कडा, गोंगाट यांमुळे होणारं नुकसान. मुळातला क्लॉकच चुकीचा धरला असेल तर चूक टक्क्यांत तेवढीच राहते. ११५२०० ला जितके पट चुकत होतं, ९६०० लाही तितकेच पट चुकणार. तुमच्याकडे दोन्ही वेगांना कचरा येतोय, म्हणून माझा संशय क्लॉकवरच आहे.

आता हे का घडतं ते थोडं सविस्तर, कारण पुढे हिशोबाला लागेल. असिंक्रोनस सीरियलमध्ये क्लॉकची वायर नसते. घेणारा स्टार्ट बिटची खाली येणारी कड पकडतो आणि तिथून स्वतःच्या घड्याळाने मोजत प्रत्येक बिटच्या मध्यावर डोकावतो. पहिला बिट दीड बिट-वेळेनंतर, दुसरा अडीच, असं करत स्टॉप बिट साडेनऊ बिट-वेळेनंतर वाचतो. पुढच्या स्टार्ट बिटला पुन्हा शून्यापासून सुरुवात. म्हणजे दोन घड्याळांतला फरक साडेनऊ बिटांपर्यंत साठत जातो आणि तोवर तो अर्ध्या बिटाच्या आत राहिला पाहिजे. ०.५ भागिले ९.५ म्हणजे ५.२६ टक्के. सोळापट नमुने घेणाऱ्या पोर्टला स्टार्टची कडही एक सोळांश बिट मागेपुढे सापडते, ते वजा केलं की साधारण ४.६ टक्के उरतात. हे दोन्ही बाजूंचं मिळून. म्हणून मी एका बाजूला २ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही.

तुमची चूक दोनचार टक्क्यांची वाटत नाही. तशी असती तर बरीच अक्षरं बरोबर आली असती. त्यामुळे अंदाज सोडा आणि मोजा. लूपमध्ये सतत इंग्रजी मोठा 'यू' पाठवा. त्याचा कोड हेक्स ५५ आणि सर्वांत खालचा बिट आधी जातो, म्हणून वायरवर स्टार्टचा शून्य, मग एक-शून्य-एक-शून्य असं करत शेवटी स्टॉपचा एक. एकसारखी चौकोनी लाट. लॉजिक अ‍ॅनलायझर (वायरवरचे बिट वेळेसह टिपणारं यंत्र) लावा आणि स्टार्टच्या कडेपासून स्टॉपच्या वर जाणाऱ्या कडेपर्यंतचा वेळ मोजा. ते नऊ बिट. ११५२०० ला एक बिट ८.६८ मायक्रोसेकंदांचा, नऊ बिट ७८.१ मायक्रोसेकंदांचे यायला हवेत. एकच बिट मोजू नका, नऊ मोजून भागा. अ‍ॅनलायझरच्या नमुन्यांची चूक तेवढी कमी होते.

आणि डीबगरने थांबवून बीआरआर रजिस्टरमध्ये खरोखर काय आहे ते वाचा. तुम्ही ३६५ 'गेलं की झालं' असं लिहिलंय. गेलंय का, ते अजून कोणी पाहिलेलं नाही.

नवी वाट | रात्री ११.०५

मोजलं. नऊ बिटांना २४४ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे एक बिट २७.१ चा.

बीआरआरमध्ये हेक्स ४७३ आहे, म्हणजे ११३९. मी ३६५ धरून चालले होते. भाजक मी स्वतः लिहीत नाही, लायब्ररीच्या इनिट फंक्शनला ११५२०० देते आणि ते आतमध्ये हिशोब करतं. तो हिशोब चुकलाय हे कळलं, पण का चुकला ते कळत नाही.

अपूर्णांक | रात्री ११.१७

२४४ भागिले ७८.१ म्हणजे ३.१२४. ११३९ भागिले ३६४.५८ केलं तरी ३.१२४. हे ३.१२५ आहे, म्हणजे २५ भागिले ८.

तुमचा क्रिस्टल ८ चा. लायब्ररीला तो २५ चा वाटतोय. एचएसई_व्हॅल्यू नावाचा मॅक्रो शोधा, त्यात बाहेरच्या क्रिस्टलचा (एचएसई) वेग लिहिलेला असतो. या मालिकेच्या नमुना कॉन्फिगरेशन फाइलमध्ये तो २ कोटी ५० लाखांवर ठेवलेला असतो. आपल्या बोर्डाचा क्रिस्टल वेगळा असेल तर तो आपणच बदलायचा असतो.

तुमचा एलईडीही त्याच कारणाने संथ आहे. सिसटिकचा (चिपमधल्या टायमरचा) हिशोब प्रोसेसरचा वेग ठेवणाऱ्या सिस्टमकोअरक्लॉक या व्हेरिएबलवरून होतो. घड्याळ लावून बघा, एका सेकंदाच्या जागी तीन सेकंदांच्या थोडं वर जात असणार.

नवी वाट | रात्री ११.४०

वाचता येतंय! पहिली ओळ स्वच्छ आली.

सिस्टमकोअरक्लॉक डीबगरमध्ये पाहिलं तर ५२,५०,००,००० होतं. ५२५ मेगाहर्ट्झ! ही चिप १६८ च्या वर जातच नाही. तो आकडा आधी पाहिला असता तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं. मॅक्रो ८० लाखांवर आणला, एलईडी सेकंदाला आला, टर्मिनल सुधारलं. तारवाला काका आणि अपूर्णांक, दोघांचे मनापासून आभार.

पण दोन शंका राहिल्या. लायब्ररी ५२५ समजत होती, मग चिप १६८ वर कशी चालली? आणि आता बीआरआरमध्ये ३६४ दिसतंय, ३६५ नाही. अजून कुठे काही चुकतंय का?

तारवाला | मंगळवार, सकाळी ७.१५

पहिली शंका छान आहे. पीएलएलच्या रजिस्टरमध्ये मेगाहर्ट्झ लिहिलेले नसतात, फक्त भागायचे आणि गुणायचे आकडे असतात. तुमच्याकडे बहुधा एम ८, एन ३३६, पी २ असणार. हार्डवेअर क्रिस्टलवरून येईल ते ८ ने भागतं, ३३६ ने गुणतं, २ ने भागतं. क्रिस्टल खरा ८ चा, म्हणून १६८ निघाले. हाच हिशोब लायब्ररी कागदावर करते, फक्त २५ पासून सुरू करून: २५ भागिले ८, गुणिले ३३६, भागिले २ बरोबर ५२५. त्याचा चौथा हिस्सा १३१.२५, आणि १३१.२५ मेगाहर्ट्झ भागिले ११५२०० म्हणजे ११३९. तुमच्या रजिस्टरमधला आकडा तिथून आला. सिलिकॉनला मॅक्रो दिसत नाही, तो फक्त आपल्या सॉफ्टवेअरची समजूत असतो.

इथे एक सावधगिरी सांगतो. हा घोळ दिसल्यावर काही जण मॅक्रो २५ वरच ठेवतात आणि आकडे जुळवायला एम २५ करतात. मग लायब्ररीला १६८ दिसतात आणि खरा प्रोसेसर ५३.७६ वर धावतो. शिवाय पीएलएलच्या तोंडाशी ०.३२ मेगाहर्ट्झ जातात, तिथे किमान १ लागतो. सीरियल पुन्हा चुकतो आणि यूएसबीचे ४८ मेगाहर्ट्झही हातचे जातात. मॅक्रो बोर्डावरच्या क्रिस्टलशी जुळवायचा, उलट नाही.

दुसरी शंका. ३६४ ठेवलं तर वेग १,१५,३८५ म्हणजे ०.१६ टक्के जास्त. ३६५ ठेवलं तर १,१५,०६८ म्हणजे ०.११ टक्के कमी. लायब्ररी पूर्णांकांत भागाकार करते, त्यात मधल्या पायरीवर अपूर्णांक कापला जातो, म्हणून जवळचा ३६५ सोडून ३६४ निघाला. दोन्ही निर्धास्त चालतील. बदलत बसू नका.

क्रिस्टल खरोखर ८ चा आहे हे वायरवरून बघायचं असेल तर एमसीओ-१ या क्लॉक बाहेर काढणाऱ्या आउटपुटवर एचएसई निवडा, ४ ने भागा आणि पीए८ वर मोजा. २ मेगाहर्ट्झ दिसले की खात्री. थेट क्रिस्टलच्या पायांना प्रोब लावू नका. प्रोबच्या कपॅसिटन्सने आंदोलनं सरकतात किंवा बंदच पडतात.

सोळा मेगा | सकाळी ९.०२

माझा प्रश्न याच जातीचा वाटतो, म्हणून इथेच विचारतो. एटीमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलर, १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. दोन बोर्ड एकमेकांशी ११५२०० वर व्यवस्थित बोलतात. तेच बोर्ड लॅपटॉपशी जोडले की कधी बरोबर, कधी चूक. ९६०० ला काहीच अडचण नाही.

अपूर्णांक | सकाळी ९.२८

इथे क्लॉक बरोबर आहे, भाजकच पूर्णांकात बसत नाही. १,६०,००,००० भागिले १६, भागिले १,१५,२०० बरोबर ८.६८. या चिपला अपूर्णांक चालत नाही, म्हणून ९ घ्यावा लागतो (भाजकाच्या यूबीआरआर रजिस्टरमध्ये ८, कारण तिथे एकाने कमी लिहायचं). वेग निघतो १,११,१११, म्हणजे साडेतीन टक्के कमी. तारवालांनी वर सांगितलेल्या ४.६ च्या आत, पण अगदी काठावर. लॅपटॉपच्या बाजूने थोडी चूक आली की अक्षर पडलं. दोन बोर्ड आपापसांत बोलतात कारण दोघेही सारखेच साडेतीन टक्के मागे आहेत.

दुप्पट वेगाचा यू२एक्स बिट लावा. मग १६ ऐवजी ८ ने भागलं जातं, १७.३६ येतं, १७ घेतलं की १,१७,६४७, म्हणजे २.१ टक्के जास्त. पण घेताना नमुने निम्मेच होतात, त्यामुळे सहनशक्तीही घटते. मी तुमच्या जागी असतो तर ३८४०० घेतलं असतं. तिथे २६.०४ येतं आणि चूक ०.१६ टक्के. किंवा लॅपटॉपकडचं सॉफ्टवेअर मानत असेल तर २,५०,०००. सोळा मेगाला तो आकडा बिनचूक बसतो.

तारवाला | सकाळी ९.५०

अपूर्णांकांच्या उत्तराला जोडून. ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल पाहिला की नव्या मुलांना तो आकडा विचित्र वाटतो. तो या भागाकारासाठीच निवडलेला आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या सीरियल कार्डावर १.८४३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता. सोळाने भागला की थेट ११५२०० आणि त्याला १२ ने भागलं की ९६००. १.८४३२ च्या सहापट तो ११.०५९२, चौपट ७.३७२८, आठपट १४.७४५६. ८०५१ या जुन्या चिपवर ११.०५९२ लावला तर १२ ने भागून ९,२१,६००, टायमरमागचे ३२ गेले की २८,८०० आणि तीनने ९६०० बरोबर. तिथे १२ चा क्रिस्टल लावून तीनने भागलं तर १०,४१७ येतात, साडेआठ टक्के जास्त. मी शिकत होतो तेव्हा हे वहीत पाठ करून ठेवलं होतं. अपूर्णांकी भाजक आल्यापासून गरज कमी झाली, पण साध्या चिपवर आजही पहिला विचार क्रिस्टलचाच करावा.

आणि सोळा मेगा, कधी कोरी चिप बसवलीत तर लक्षात ठेवा. ती कारखान्यातून आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या आरसी आंदोलकावर (क्रिस्टलशिवाय चालणारा क्लॉक) आणि आठने भागणारा फ्यूज (चिपमधलं सेटिंग) लावलेली येते, म्हणजे १ मेगाहर्ट्झवर. कोड १६ चा असेल तर ९६०० मागून ६०० मिळतात.

पारा | दुपारी १.३५

आरसीचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव सांगते, कारण तो शोधायला मला फार वेळ लागला.

पैसे आणि जागा वाचवायला एका सेन्सरमध्ये क्रिस्टल न लावता आतला आरसी आंदोलक वापरला होता. टेबलावर महिनाभर निर्दोष. बंद डब्यात, तापणाऱ्या यंत्राशेजारी बसवला की दुपारी काही ओळी बिघडायच्या आणि रात्री आपोआप ठीक. आधी गोंगाट समजून शिल्डिंग केलं, फेराइट लावले. काही फरक नाही.

कोडं सुटलं ते बिघडलेल्या बाइट्सकडे नीट बघितल्यावर. गोंगाट असता तर कुठलाही बिट उलटला असता. माझ्याकडे चूक ठरलेली होती: सुटं अक्षर आलं तर फक्त सर्वांत वरचा बिट शून्याचा एक झालेला, आणि सलग अक्षरांत फ्रेमिंग एरर (स्टॉप बिटाच्या जागी शून्य). खालचे सगळे बिट बरोबर. याचा अर्थ पाठवणारा वेगाने पुढे सरकतोय. घेणारा आठव्या बिटासाठी डोकावतो तोवर पाठवणारा स्टॉप बिटावर पोचलेला असतो, म्हणून तिथे एक दिसतो. सलग पाठवलं तर स्टॉपच्या जागी पुढचा स्टार्ट सापडतो. पाठवणारा संथ असता तर उलट झालं असतं: घेणारा स्टॉप शोधताना अजून आठवाच बिट चालू असतो, आणि साध्या अक्षरांत तो शून्य असल्याने फ्रेमिंग एरर येते.

हेअर ड्रायरने चिप गरम करत 'यू'ची लाट मोजली. तापमान चढेल तसे नऊ बिट डोळ्यांदेखत आखडत गेले. तात्पुरतं म्हणून दोन स्टॉप बिट लावले, त्याने सलग अक्षरांतली चूक बरीच थांबली, कारण घेणाऱ्याला पुढच्या स्टार्टआधी श्वास घ्यायला जागा मिळाली. पुढच्या आवृत्तीत मात्र क्रिस्टल लावलाच. तापमान बदलणार असेल तिथे आरसीच्या भरवशावर असिंक्रोनस पोर्ट चालवू नये, हे माझं ठाम मत आहे. आरसीच ठेवायचा असेल तर समोरच्याकडून येणाऱ्या हेक्स ५५ वरून दर वेळी स्वतःचा वेग जुळवून घ्या. गाड्यांतल्या लिन बसमध्ये प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला तो बाइट यासाठीच असतो.

रात्रपाळी | संध्याकाळी ६.४८

लिनक्स चालणाऱ्या बोर्डांवर हाच आजार दुसऱ्या रूपात भेटतो. बूटलोडरच्या ओळी स्वच्छ येतात, कर्नलने कन्सोल ताब्यात घेतला की त्याच क्षणी कचरा. वायर तीच, टर्मिनल तेच, म्हणजे दोघांची क्लॉकबद्दलची समजूत वेगळी.

मी पाहिलेल्या प्रकरणात डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला बोर्डावरचं हार्डवेअर सांगणारी फाइल) पोर्टच्या नोडवर २४ मेगाहर्ट्झ लिहिलेले होते आणि प्रत्यक्ष पोर्टला ४८ मिळत होते. कर्नलने २४ धरून १३ चा भाजक काढला, खरा वेग झाला २,३०,७६९. मी टर्मिनल २३०४०० वर उघडलं आणि अख्खा बूट लॉग वाचता आला. कचरा आला की मी आधी हेच करतो: दुप्पट, निम्मा, दीडपट असे वेग लावून बघतो. एखाद्यावर मजकूर उमटला की किती पटींचा घोळ आहे ते लगेच कळतं. ईएसपी८२६६ या वाय-फाय चिपचा सुरुवातीचा संदेश ७४८८० अशा विचित्र वेगाने येतो, त्यामागेही हेच आहे. रॉममधला कोड क्रिस्टल ४० चा धरून ११५२०० मागतो, बोर्डावर असतो २६ चा. ११५२०० गुणिले २६ भागिले ४०, करून बघा.

अजून तीन खड्डे. पीएल०११ या एआरएमच्या सीरियल पोर्टमध्ये पूर्णांकी आणि अपूर्णांकी भाजक लिहून भागत नाही, त्यानंतर लाइन कंट्रोल रजिस्टर लिहिल्याशिवाय ते लागूच होत नाहीत. क्रम उलटा झाला की जुनाच वेग राहतो. रास्पबेरी पाय ३ वरचा मिनी यूआर्ट कोअरच्या क्लॉकवर टांगलेला आहे, कोअरचा वेग बदलला की बॉडही बदलतो. म्हणून कॉन्फिगमध्ये कोअरचा वेग बांधून ठेवावा लागतो. आणि सुरुवातीचा कन्सोल ठीक चालून बूटच्या शेवटाला एकदम मुका झाला, तर कर्नलने 'कोणी वापरत नाही' म्हणून पोर्टचा क्लॉकच बंद केलेला असू शकतो. वापरात नसलेले क्लॉक बंद न करण्याचा पर्याय बूटच्या ओळीत देऊन खात्री करून घ्या, पण तो तसाच ठेवून देऊ नका. डिव्हाइस ट्रीमध्ये पोर्टला त्याचा क्लॉक नेमून द्या.

सोळा मेगा | संध्याकाळी ७.३०

३८४०० वर आणलं, सकाळपासून एकही चूक नाही. धन्यवाद. ४८ मेगाहर्ट्झवरून ९२१६०० कसं काढतात? सोळाने भागलं तर ३.२५ येतं.

रात्रपाळी | संध्याकाळी ७.५२

सोळाचा हट्ट सोडावा लागतो. काही चिपमध्ये, उदाहरणार्थ एएम३३५एक्स, तेरापट नमुन्यांचा पर्याय आहे. ४८ मेगाहर्ट्झ भागिले १३, भागिले ४ म्हणजे ९,२३,०७७, चूक फक्त ०.१६ टक्के. तुमच्या एटीमेगावर ही सोय नाही.

थेंब थेंब | रात्री ८.४०

बॅटरीवर चालणारं करणाऱ्यांसाठी एक भर. काम नसताना क्लॉक खाली आणतो, काम आलं की वर. पोर्ट त्याच क्लॉकवर असेल तर वेग बदलल्यावर भाजक नव्याने भरायला हवा, हे सगळ्यांना माहीत असतं. निसटतं ते शेवटचं अक्षर. 'डेटा रजिस्टर रिकामं' हा झेंडा वर आला की आपल्याला वाटतं सगळं गेलं, पण शेवटचा बाइट अजून शिफ्ट रजिस्टरमधून बिटाबिटाने बाहेर पडत असतो. तेव्हाच क्लॉक बदलला की त्याचे पुढचे बिट ताणले जातात. प्रत्येक संदेशाचं फक्त शेवटचं अक्षर बिघडलेलं असेल तर हेच समजा. 'प्रक्षेपण पूर्ण' या दुसऱ्या झेंड्याची वाट पाहा, मगच क्लॉकला हात लावा.

९६०० पुरत असेल तर एसटीएम३२एल४ मधला कमी वीज खाणारा एलपीयूआर्ट पोर्ट थेट ३२,७६८ हर्ट्झच्या घड्याळी क्रिस्टलवर चालतो. मुख्य क्लॉक झोपला तरी ऐकत राहतो.

नवी वाट | बुधवार, रात्री ९.२०

काल रात्रभर बोर्ड चालू ठेवला, एकही चुकीचं अक्षर नाही. धाग्यातलं वाचून दोन गोष्टी कोडमध्ये घातल्या. बूट झाल्यावर सिस्टमकोअरक्लॉक १६,८०,००,००० नसेल तर एलईडी सलग पेटून राहतो, म्हणजे सीरियल चालत नसतानाही घोळ दिसेल. आणि पोर्ट सुरू केल्यावर बीआरआर परत वाचून खरा वेग काढते, फरक १ टक्क्याच्या वर गेला तर तिथेच थांबते. क्रिस्टलचा आकडा बोर्डाच्या पुढच्या आवृत्तीत सिल्कस्क्रीनवर छापणार आहे.

दुसरा पोर्ट यूसार्ट-६ वर टाकला. तो एपीबी-२ वर आहे, ८४ मेगाहर्ट्झ. तिथे ११५२०० ला ७२९ आलं, चूक ०.०२ टक्के. मग डीबगच्या ओळी तिकडे नेल्या आणि यूसार्ट-२ जीपीएस मॉड्यूलला दिला, ९६०० वर. ४,२०,००,००० भागिले ९,६०० केलं तर बरोबर ४३७५, बाकी शून्य. रजिस्टर वाचलं, तिथेही ४३७५. आत्ताच मॉड्यूल खिडकीत ठेवलं. डॉलरचं चिन्ह, मग जीपीजीजीए (जागा सांगणाऱ्या ओळीची खूण), मग स्वल्पविराम, आणि सेकंदाला एक अशा ओळी उतरतायत.

पारा | रात्री ९.३३

मॉड्यूल अजून उपग्रह पकडतंय का बघा, पहिल्या ओळींत अक्षांशाच्या जागा रिकाम्या येतील. तो क्लॉकचा दोष समजू नका.

नवी वाट | रात्री ९.४१

रिकाम्याच होत्या. आत्ता भरायला लागल्या.